ऐपतीचा दाखला

बाबा गेल्यावर गावच्या जमिनीची वारसनोंद करायला मी तहसील कचेरीत खेपा घालत होते. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात पडला त्या दुपारची गोष्ट. बाबांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली दादाचं आणि माझं नाव आलं होतं. एवढा साधा कागद, पण तो हातात घेऊन मला लगेच उठवेना. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. झेरॉक्सच्या दुकानातून येणारा गरम कागदाचा वास, स्टॅम्पपेपरवाल्यापुढची झुंबड, पंख्याखाली जागा धरून बसलेली म्हातारी माणसं. शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, “ताई, ह्यो सातबारा तुमच्याच नावाचा हाय का?” मी म्हटलं, “माझ्या आणि भावाच्या.” ती जरा सरकून बसली. “मंग माझ्या पोराला जामीन ऱ्हाताल का?”

अनोळखी माणसानं पाण्याची बाटली मागावी इतक्या सरळ तिनं ते विचारलं. कागद माझ्या हातात दिले. मुलगा विशीतला, गॅरेजात कामाला होता. मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात त्याचं नाव आलं. कोर्टानं जामीन मंजूर केला होता, पंधरा हजारांचा, एक स्थानिक जामीनदार द्यायच्या अटीवर. आदेशावरची तारीख वाचून मी पुन्हा वाचली. मधे एक पावसाळा अख्खा निघून गेला होता. जामीन मिळाला होता आणि मुलगा आतच होता. बाई मूळच्या हिंगोलीकडच्या, इथं मंगल कार्यालयांत भांडी घासायला जातात. भाऊ जामीन राहायला तयार होता, त्याची दीड एकर कोरडवाहू होती, पण ती हिंगोलीत. ती इथं चालत नव्हती. कुणीतरी सांगितलं की तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला आणा, म्हणून त्या आल्या होत्या. कारकुनानं विचारलं, कुणाच्या ऐपतीचा? त्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून बाकावर बसून त्या ज्याच्या हाती सातबारा दिसेल त्याला विचारत होत्या.

मी त्यांचा नंबर घेतला. घरी विचारून सांगते म्हटलं.

एसटीत खिडकीशी बसल्यावर माझ्या मनात पहिली आली ती भीती, हे खरं. हा मुलगा पळून गेला तर? पोलीस घरी येतील, शेजारी विचारतील, दादा चिडेल. आमच्याकडे जामीन राहणं हा शब्दच धाक घालायला वापरतात. आजोबा सांगायचे, कुणाला जामीन राहू नये आणि कुणाची साक्ष काढू नये. ज्या घरात चार एकर आहेत त्या घरात हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या पोचतं. आणि ज्या घरात काही नाही, त्या घराला तुरुंगातून माणूस बाहेर काढायला नेमकी चार एकरवालीच माणसं लागतात. दोन्ही गोष्टी मी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या.

माझी कॉलेजची मैत्रीण वकील आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, हे रोजचं आहे. कोर्टाबाहेर भाड्यानं मिळणारे जामीनदार असतात, पैसे घेतात, पाच-सात जणांना तोच कागद दाखवतात. पकडले जातात म्हणून कोर्टं कागदांची अट आणखी कडक करतात, आणि मग भाड्यानंही कुणी न मिळणारी माणसं आत राहतात. तिनं मला मोतीराम खटल्याचं सांगितलं. १९७८ साल. मध्य प्रदेशातला गवंडी. जामीन मिळाला, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गवंड्याला हजाराच्या वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं, आणि आपल्याच देशातला माणूस जिल्हा बदलला म्हणून परका कसा होतो, असा जाब विचारला. मैत्रीण फोनवर हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती दीड एकर कोरडवाहू होती. इतकी वर्षं लोटली, आणि हिंगोलीच्या मामाची जमीन अजून परकीच.

त्या आठवड्यात मला माझं आजोळ सारखं आठवत राहिलं. आजोळ आटपाडीकडचं. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा मामा सायकलवर डबलसीट बसवून रानात न्यायचा आणि वाटेत हात करून दाखवायचा, ते स्वतंत्रपूर, कैद्यांचं गाव. मी डोळे फाडून भिंत शोधायची. भिंत नव्हतीच. तापलेल्या माळावर घरं, शेत, बांधावर बाई, खेळणारी पोरं, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेला एक माणूस. मामा सांगायचा, त्या माणसानं खून केलाय. मला वाटायचं तो थापा मारतोय. खून केलेला माणूस पाण्यात पाय सोडून कसा बसेल? संध्याकाळी आजी मात्र शांतपणे म्हणायची, अगं त्यांची बायकापोरं तिथंच राहतात, पळून जाऊन कुठं जाणार?

मोठेपणी त्या जागेचा इतिहास वाचला आणि अभिमान वाटला. औंधसारखं लहानसं संस्थान, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, आणि त्यांच्याकडे येऊन राहिलेला मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनियर, गांधीजींच्या कामानं भारावलेला. १९३९ साली त्यांनी कैद्यांना भिंतीबाहेर ठेवून बघायचं ठरवलं. शेती करा, कुटुंब आणा, माणसासारखे राहा. तो काळ कसला होता! १८९४ चा तुरुंग कायदा इंग्रजांनी बनवलेला, त्यात कैदी म्हणजे कोंडायची आणि राबवायची गोष्ट. त्या काळात दुष्काळी माणदेशात कुणाला तरी वाटलं की माणसावर विश्वास टाकून बघू. पुढे १९५७ साली त्यावरून निघालेला चित्रपट देशभर गाजला. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही आहे. पैठणला, येरवड्याला खुली कारागृहं आहेत. जन्मठेपेचे कैदी बरीच वर्षं चांगले वागले की तिथं येतात, शेतात राबतात, मजुरी मिळवतात, शिक्षेत सूट मिळवतात.

पण तिथं जायला आधी शिक्षा व्हावी लागते. गुन्हा शाबित व्हावा लागतो. बाकावरच्या बाईचा मुलगा कच्चा कैदी. त्याच्यावर अजून काहीच शाबित नाही, म्हणून खुलं कारागृह त्याच्यासाठी नाही, फर्लोची रजा त्याच्यासाठी नाही, शिक्षेत सूट नाही, कारण शिक्षाच नाही. त्याच्या वाट्याला बराक. कायद्यानं ज्याला निर्दोष मानायचं तो गर्दीत कुशीवर झोपणार, आणि ज्याचा गुन्हा सिद्ध झाला तो, त्याच्या नशिबानं, माळावर चांदण्यात. मला त्या माळावरच्या माणसाचं चांदणं काढून घ्यायचं नाही. मुळीच नाही. मला फक्त कळत नाही की जो विश्वास आम्ही खून केलेल्या माणसावर टाकू शकलो, तो गॅरेजातल्या पोरावर का टाकता येत नाही.

तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा भोगणारी माणसं येतात. २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी मी मुद्दाम काढून वाचली. देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि जागा होती ४,३६,२६६ जणांना. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारातले तीन. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले तेव्हा दिसलं की ज्यांचा निकाल लागलेला नाही त्यांनीच देशातल्या तुरुंगांतली जवळजवळ सगळी जागा भरते. शिक्षा झालेला एकही माणूस त्यात धरला नाही तरी. मुंबईचं आर्थर रोड हजाराच्या आतच माणसांसाठी, तिथं तीन हजारांवर माणसं राहिली आहेत. अशा बराकीत खरूज एकाला झाली की सगळ्यांना होते, संडासापुढे रात्रीच रांग लागते, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. सुधारणेची चर्चा निघाली की नवे तुरुंग बांधायची भाषा होते. बांधा, हरकत नाही, माणसांना झोपायला जागा हवीच. पण जी माणसं आज घरी असायला हवीत त्यांच्यासाठी भिंती का बांधायच्या?

मुलाची खबर मला बाईंकडूनच कळायची. महिन्यातून एकदा त्या मुलाकातीला जात. पहाटेची गाडी, आधार कार्ड, रांगेत नाव, मग काचेपलीकडे पोरगं आणि हातात फोन. “काय जेवला विचारंस्तवर टाईम संपतो,” त्या म्हणाल्या. तारखेला त्याला कोर्टात आणतीलच असं नाही, कधी गार्ड मिळत नाही. मग व्हिडिओ कॉन्फरन्सवर पडद्यात तोंड दिसतं, नाव पुकारलं जातं, पुढची तारीख पडते. वकील कोण, हे मुलाला धड ठाऊक नव्हतं. मोफत विधी सेवेकडून मिळालेला वकील बदलला होता.

मी हे सगळं एकाच बाजूनं सांगते आहे असं वाटू नये, म्हणून मावशीचं सांगायला हवं. माझ्या मावशीची सोनसाखळी संध्याकाळी फिरायला गेली असता दोघांनी खेचली. मानेवर वळ उठला, ती पडली, मनगट मोडलं. ती साखळी मावशीच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची. मावशी त्यानंतर कित्येक दिवस एकटी खाली उतरली नाही. मागून मोटारसायकलचा आवाज आला की ती अजून भिंतीला चिकटते. तिला मी या मुलाबद्दल सांगितलं तेव्हा ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, “तू कुणाला जामीन राहतेस? माझ्यासारख्या बाईला पाडणाऱ्याला?” मला काही बोलता आलं नाही. तिचा राग खरा आहे. ज्याच्या घरातली मोटारसायकल गेली त्या माणसाचंही काहीतरी मोडलं असेल, कदाचित हप्ते अजून चालू असतील.

पण मावशीच्या केसचं पुढे काय झालं? ओळख परेड झाली. मग कितीतरी काळ काहीच नाही. मग समन्स आलं. ती नातवाला घेऊन रिक्षानं कोर्टात गेली, बाहेर उन्हात बसली, आणि कळलं की आरोपीला तुरुंगातून आणलेलंच नाही. पुढची तारीख. ज्या ढिलाईनं आरोपी आत सडतो त्याच ढिलाईनं मावशी बाहेर ताटकळते. आरोपी आत असला म्हणजे तिला न्याय मिळाला, असं आम्ही तिलाही पटवून दिलं आहे, आणि स्वतःलाही.

हे आपल्याच देशातलं दुखणं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली केलीफ ब्राउडर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची बॅग चोरल्याच्या संशयावरून धरलं. जामीन तीन हजार डॉलरचा. घरच्यांना तो भरता आला नाही. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तो तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकट्याच्या कोठडीत. गुन्हा कबूल कर आणि घरी जा, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं; त्यानं कबूल केलं नाही. शेवटी आरोप मागे घेतले गेले. खटला चाललाच नाही. २०१५ साली, बावीस वर्षांचा असताना, त्यानं आपल्या आईवडिलांच्या घरी जीव दिला. त्याच देशात इलिनॉय राज्यानं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पैशाचा जामीन पूर्ण बंद केला. आरोपी धोकादायक आहे का, पळून जाईल का, हे न्यायाधीशांनी ठरवायचं, त्याच्या खिशात किती आहे हे बघायचं नाही. म्हणजे करता येतं.

आपल्याकडेही कागदावर पुष्कळ काही आहे. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीपेक्षा जास्त काळ खितपत पडलेल्या माणसांसाठी कपिला हिंगोरानी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या आणि हुसैनारा खातून प्रकरणानं जलद खटल्याचा हक्क जीविताच्या हक्कात आणला. जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेचं कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं, आणि तसा अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टात करावा. पण एकाहून जास्त गुन्हे नावावर असतील तर हे लागू नाही, आणि गाडीचोरीत सापडलेल्या पोरावर जुन्या दोन न उलगडलेल्या चोऱ्या घालायला वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या जानेवारीत सांगितलं की जामीन मिळाल्यावर महिनाभरात बंधपत्र भरता आलं नाही तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करता येतात का पाहावं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आदल्या वर्षीच्या संविधान दिनाच्या भाषणात, लिहून आणलेलं बाजूला ठेवून, अशा कैद्यांबद्दल बोलल्या होत्या. मी तो व्हिडिओ बघितला होता आणि माझ्या घशाशी आलं होतं.

यातलं काहीही त्या बाकापर्यंत पोचलं नव्हतं. कारकुनाला ठाऊक नव्हतं, बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुलगा आत होता. महिना उलटल्यावर कोर्टानं आपणहून बघायचं, तर कोर्टाला कळवणार कोण? तुरुंगात प्रत्येकाची नोंद असते, जामिनाच्या आदेशाचीही असते. जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवायला कुठली मोठी सुधारणा लागते? जगभरच्या तुरुंगांना मोठी सुधारणा हवी, हे मला मान्यच आहे. पण आपल्याकडची सुरुवात या यादीपासून व्हावी आणि तिच्यावर दर महिन्याला कुणीतरी उत्तरदायी असावं, असं मला तळमळीनं वाटतं.

आम्ही कागद जमवायला घेतले होते. मैत्रिणीनं अटी सैल करण्याचा अर्ज लिहिला, तो फेटाळला तर मी जामीन राहायचं असं ठरलं. सातबारा, माझी पगाराची स्लिप, आधार, रेशनकार्ड, फोटो. दादाची सही बाकी होती, कारण जमीन सामाईक. दादा आज येतो उद्या येतो करत होता. आणि एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाज असा मोकळा की मला आधी ओळखताच आला नाही. “ताई, पोरगं सुटलं!”

मी विचारलं, अर्ज मंजूर झाला का? नाही. तारखेला त्यानं गुन्हा कबूल केला होता. आतल्याच एका जुन्या कैद्यानं सल्ला दिला, कबूल कर, जेवढं भोगलंस तेवढीच शिक्षा देतील, संध्याकाळी घरी. तसंच झालं. बाईंनी तो पर्याय मलाही मागे विचारला होता, “कबूल केलं तर सुटंल म्हणत्यात, करू द्यू का?” तेव्हा मी म्हटलं होतं, त्यानं केलं नसेल तर करायचं नाही, थोडं थांबा. त्या थांबल्याही. पण थांबणं आत असलेल्याला किती जड जातं, हे बाहेरच्यानं ठरवायचं नसतं. त्यांनी पेढे घेऊन घरी यायचं म्हटलं. मी नको म्हटलं नाही. मुलगा बरोबर आला होता, बारीक, केस अगदी जवळून कापलेले, बोटांच्या बेचक्यांत खरजेचे डाग. सोफ्यावर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसला. मोटारसायकल त्यानं नेली होती का, हे मी विचारलं नाही, आणि आता ते कुणालाच कधी कळणार नाही. ज्याची मोटारसायकल गेली त्यालाही नाही. कागदावर मात्र तो चोर आहे. पुढं डिलिव्हरीचं काम मागायला गेला, पोलीस पडताळणी झाली, की तो कागद निघेल.

मावशीला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे खरं काय ते कुणी बघितलंच नाही.” तिला स्वतःच्या केसबद्दल तेच वाटत असावं. पुढच्या तारखेला ती साक्षीला जाणार आहे, मी तिच्याबरोबर रजा टाकून जाणार आहे.

मैत्रिणीकडून कळलं की त्याच तुरुंगात जामीन मिळूनही अडकलेले आणखी काही जण आहेत, त्यातल्या एकाला आठ हजारांचा जामीनदार मिळत नाही. मी माझं नाव विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे देऊन ठेवलं आहे. दादा परवा आला होता. सातबाऱ्यावर सही करायला तो अजून तयार नाही. आजोबांचं वाक्य त्यानं मला ऐकवलं, आणि विचारलं, पळून गेला तर? मी म्हटलं, गेला तर आठ हजार भरावे लागतील, चार तुझे चार माझे. तो हिशेब करत बसला, नाही म्हणाला नाही. रविवारी पुन्हा येणार आहे.